सुजूची दुसरी ताई

तुमच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने तुमच्यासमोर दुसऱ्याच मुलीला 'ताई' म्हणून हाक मारली, आणि त्या हाकेत तुमच्या वाट्याला कधीच न आलेला आनंद असला, तर तुम्ही काय कराल? पटकन उत्तर देऊ नका. 'हसून सोडून देईन' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मी हसले नव्हते. माझ्या पोटात आग पडली होती आणि ती मी कित्येक महिने फुंकर घालून पेटती ठेवली होती. लोक म्हणतात, मत्सर हा ज्याचा त्याचा खाजगी दोष आहे, त्याची वाच्यता करू नये. पण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. एखादी गोष्ट खाजगी आहे म्हणून गप्प बसा, असं कुणी सांगितलं की माझे कान टवकारतात. म्हणून हे प्रकरण मी त्या मत्सराबद्दलच लिहिते आहे. आत्मकथन लिहायला केस पिकलेले असावे लागतात, असं आमचे एक शेजारी परवाच मला म्हणाले. माझे अजून काळे आहेत. पण त्या वर्षातली मी आता मला जराशी अनोळखी वाटते, आणि लिहायला तेवढं अंतर पुरतं.

पत्रकांवर वाढलेली, हे अगदी शब्दशः. कोपरखैरण्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं, एकीवर एक. खालच्या खोलीत भिंतीला लागून पत्रकांचे गठ्ठे रचलेले असायचे आणि आम्ही दोघी बहिणी अभ्यासाला त्यांच्यावरच बसायचो. पप्पा वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी होते. दिवसभर पाठीवर मिरचीची, धण्याची, हळकुंडाची पोती, आणि घरी आले की हातात पेन. ते दारातून आत आले की आधी सुजू शिंकायची, मग मी, मग मम्मी शिलाई मशीन थांबवून शिंकायची आणि म्हणायची, "आले बघा आपले पुढारी." मम्मी साड्यांना फॉल लावून द्यायची. मशीनची खडखड, गठ्ठ्यातून काढलेल्या कागदाला घडी पाडताना अंगठ्याचा होणारा सर्रकन आवाज आणि तव्यावर थापलेल्या भाकरीची फट्, एवढ्यातच माझं बालपण झालं. शनिवारी येसराची आमटी असायची. येसूर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेली पूड. ती परभणीहून मावशी डबा भरून पाठवायची आणि मम्मी ती जपून वापरायची. आमची पत्रकंसुद्धा मिरचीच्या वासाची असायची. वाटायला गेलं की लोक हातात घेऊन आधी हुंगायचे. पप्पांनी माझं नाव क्रांती ठेवलं होतं. धाकटीच्या वेळी मम्मीने ऐकलं नाही, म्हणून ती सुजाता झाली.

पत्रक छापायच्या आधी आमच्याकडे एक विधी असायचा. शिरवण्याच्या प्रेसवाल्याकडून पप्पा कच्चा छापलेला कागद घेऊन यायचे. मग एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ताडून बघायचं. वाचायचं म्हणजे नुसते शब्द नाहीत. "कामगार बंधूंनो स्वल्पविराम भगिनींनो उद्गारचिन्ह नवी ओळ" असं सगळं. मी चौथीत असल्यापासून ते वाचन माझ्याकडे होतं. त्याच्यामागे एक प्रसंग होता. माझ्या लहानपणी एका पत्रकात सभेची जागा चुकून दुसऱ्याच चौकाची छापली गेली. लोक त्या चौकात जमले, कंटाळले आणि घरी गेले. पप्पा इकडे माईक घेऊन रिकाम्या रस्त्याशी बोलत उभे होते. पुन्हा छापायची ऐपत नव्हती. त्यानंतर पप्पांनी घरात कायदा केला: एकदा शाई लागली की चूक आपली होते, म्हणून शाई लागायच्या आधी चूक मारायची. मला हा कायदा फार आवडायचा. अजूनही आवडतो, हे इथेच सांगून ठेवते.

मी वाशीच्या कॉलेजात कम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा आमच्या एका मॅडमनी दर शनिवारी वस्तीतल्या मुलींना कोडिंग शिकवायचा वर्ग काढला. आठवी-नववीच्या मुली, शिकवायला आम्ही कॉलेजच्या मुली. जागा मी मिळवून दिली: आमच्या विहाराचा वरचा हॉल. कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेले लॅपटॉप मिळाले, त्यातल्या काहींची बॅटरी मेलेली, एकाचं 'अ'चं बटण गायब. मुली जमवायला मी दारोदार फिरले. "कम्प्युटर शिकून हिला काय बँकेत बसवायचीय का?" असं विचारणाऱ्या आयांशी मी भांडले. हॉलच्या दारावर लावलेलं पत्रक माझं, त्यातली वाक्यं माझी. त्यामुळे तो वर्ग मला माझाच वाटायचा. आणि पहिल्या रांगेत, अगदी माझ्यासमोर, सुजू. नववीतली, दोन घट्ट वेण्या, गालावर पेनाचा डाग. घरी ती माझ्या मागे मागे असायचीच. इथे ती माझी विद्यार्थिनी झाली, आणि मी मनातल्या मनात आमच्या दोघींचं पुढचं आयुष्य लिहून टाकलं.

मला जसं येत होतं तसं मी शिकवलं. मुलींना मी आधी लॅपटॉपला हात लावू द्यायचे नाही. घरून पाठकोरी पत्रकं न्यायचे, त्यांच्यावर पेन्सिलीने प्रोग्राम लिहायचा. मग जोडीजोडीने बसून एकीने वाचायचं, दुसरीने बोट ठेवून बघायचं. "प्रिंट, कंस सुरू, अवतरणचिन्ह, जय भीम, अवतरणचिन्ह, कंस बंद." हॉलभर हा घोष चालायचा. खालून जाणाऱ्या लोकांना वाटायचं, वर पाठ चाललाय. सगळं तंतोतंत बरोबर झालं की मगच मशीनवर. आणि बटण दाबलं की पहिल्या फटक्यात उत्तर यायचं. एकही चूक नाही. मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "क्रांती, तुझ्या मुलींचे प्रोग्राम एकदम स्वच्छ असतात गं." सुजूचा सगळ्यांत स्वच्छ असायचा, कारण तिचा कागद मी घरी पुन्हा तपासायचे.

दिवाळीनंतर मृण्मयी आली. ती इंजिनिअरिंगला होती, सीवूड्सला एका उंच बिल्डिंगमध्ये राहायची. पहिल्या दिवशी स्कूटीवरून उतरली ती हेल्मेट काढताना केस सोडून देत, आणि वर हॉलच्या खिडकीकडे माझ्या रांगेतल्या सगळ्या मुलींच्या माना एकदम वळल्या. मी तेव्हाच ठरवलं की ही मला आवडणार नाही. तिचे बाबा कुठल्याशा कंपनीत इंजिनिअर, घरात ती चालायला लागायच्या आधीपासून कम्प्युटर. हे तिने फुशारकी मारत सांगितलं नाही, सहज सांगितलं, आणि तेच मला जास्त झोंबलं. तिने हॉलच्या दुसऱ्या टोकाला टेबल लावलं, मुलींना म्हणाली, "चला, काहीतरी मोडू या."

मोडू या! मला वाटलं, थट्टा करतेय. पण खरंच तिच्या टेबलावर मुली काहीही न लिहिता, न वाचता, थेट बटणं दाबायच्या. स्क्रीनवर लालभडक अक्षरांत चूक यायची. माझ्या मुली चुकून कधी लाल अक्षरं दिसली की तोंडावर हात ठेवायच्या. तिच्या मुली ओरडायच्या, "लाल आलं! लाल आलं गं!" आणि टाळ्या वाजवायच्या. मग पाच-सहा डोकी स्क्रीनवर वाकायची, कुणी काही सुचवायची, पुन्हा लाल, पुन्हा टाळ्या. हॉलच्या या टोकाला आमचं "अवतरणचिन्ह, कंस बंद", आणि त्या टोकाला ही जत्रा. मॅडमना मी सांगितलं की तिकडे शिस्त नाही. मॅडम म्हणाल्या, "असू दे गं, दोन्ही पद्धती असू देत." मला मॅडमचाही राग आला.

आणि एका शनिवारी सुजू माझ्यासमोरून उठली. तिच्या हातात पाठकोरं पत्रक होतं, ते तिने माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, मी जरा तिकडे जाऊन बघते, काय करतायत." मी म्हटलं, "जा की. मला काय टेन्शन आहे?" ती गेली. थोड्या वेळाने त्या घोळक्यातून तिचा आवाज आला, "मृण्मयीताई, लाल आलं!" माझ्या बहिणीचा हसतानाचा आवाज मला माहीत नव्हता असं नाही, पण हा वेगळा होता. घरी ती माझ्याशी बोलताना शब्द निवडून बोलायची. इथे ती वेड्यासारखी किंचाळत होती. पुढच्या शनिवारी तिने मला विचारलंही नाही, सरळ तिकडे जाऊन बसली. मी त्या दिवशी एका मुलीचा प्रोग्राम तीनदा वाचून घेतला. त्यात पहिल्यापासून काहीच चुकलेलं नव्हतं.

मग सुजूने तिला घरीच बोलावलं. रविवारी दुपारी मृण्मयी आमच्या खालच्या खोलीत, पत्रकांच्या गठ्ठ्यावर मांडी घालून बसली, माझ्या जागेवर. मम्मीने येसराची आमटी केली होती. रविवारी! आमच्यासाठी शनिवार सोडून कधी केली नव्हती. ठेचा खाऊन मृण्मयीच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, तरी म्हणाली, "काकू, अजून एक भाकरी मिळेल?" झालं. मम्मी जिंकली गेली. "घे माय, पोटभर घे. आमची क्रांती बघ कशी जेवायली, चिमणीवानी," असं म्हणताना तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मी खरंच चिमणीसारखी जेवत होते.

तेवढ्याने भागलं नाही. जेवणानंतर मृण्मयीने वरचं पत्रक उचललं. अजून छापायचं होतं, कच्चा कागद होता. वाचून म्हणाली, "काका, हे तुम्ही लिहिलंत? मस्त आहे. फक्त हे मधलं वाक्य मला कळलं नाही. दोनदा वाचलं तरी नाही कळलं." मी मनात म्हटलं, आता पप्पा हिला सुनावणार. तुला कशाला कळेल, हे तुझ्यासाठी लिहिलेलंच नाही, असं काहीतरी. पप्पांनी कागद घेतला, चष्मा लावला, बराच वेळ बघितला, आणि ते वाक्य खोडलं. पप्पांनी! मी चौथीपासून त्यांची पत्रकं वाचत होते, स्वल्पविरामासकट, आणि एकदाही मला असं म्हणता आलं नव्हतं की पप्पा, हे कळलं नाही. मला सगळं कळायचंच, कारण मला कळायलाच हवं होतं. आणि ही पोरगी येते, आमच्या घरात बसून, भाकरीचा घास तोंडात असताना, 'कळलं नाही' म्हणून मोकळी होते, आणि पप्पा वाक्य बदलतात. त्या दुपारी मला पहिल्यांदा नीट दिसलं की मला तिच्या स्कूटीचा, केसांचा, उंच बिल्डिंगचा हेवा नाहीये. हेवा आहे तो या मोकळेपणाचा. 'येत नाही' म्हणायला तिला भीती वाटत नव्हती. तिचं कुणी काही हिरावून घेणार नव्हतं. आमच्याकडे एक जागा चुकीची छापली की माणूस रिकाम्या रस्त्याशी बोलत उभा राहतो. तिच्याकडे चूक म्हणजे लाल अक्षरं आणि टाळ्या. मला वाटलं, या देशात जमिनी, नोकऱ्या वाटून देण्याबद्दल आपण इतकं बोलतो, पण चुकण्याचा हक्क कुणाकडे किती साठलाय, हे कुणी कधी मोजलंच नाही.

हा विचार मी तेव्हा पत्रकासारखा मनात लिहून काढला आणि मला फार बरं वाटलं. मत्सराला तत्त्वाचं जाकीट घातलं की तो किती रुबाबदार दिसतो! पण खरी गोष्ट अशी की मी तत्त्वासाठी जळत नव्हते. सुजू माझ्याकडे परत यावी, एवढ्यासाठीच जळत होते. आमच्या वर्गासाठी मॅडमनी एक पद्धत ठरवून दिली होती. वर्षाच्या शेवटी मुलींनी आपापलं काम आईवडिलांसमोर दाखवायचं, आणि पुढच्या वर्षी नव्या मुलींना शिकवायला ज्यांना मदत करायची असेल त्यांनी आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलून ज्या ताईबरोबर शिकवायचंय तिच्या शेजारी नेऊन ठेवायची. ताईने बोलवायचं नाही, खुणावायचं नाही. खुर्ची मुलीने स्वतः न्यायची. मला सुजूची खुर्ची हवी होती. बाकी कुणाची नाही आली तरी चाललं असतं. एकाच घरातल्या दोघी बहिणी पुढे उभ्या राहून शिकवतायत, हे चित्र मी इतक्या वेळा डोळ्यांसमोर आणलं होतं की ते घडून गेल्यासारखंच वाटायचं.

त्या दिवशी हॉल भरला होता. आया आल्या होत्या, दोन-तीन आज्या, काही बाप दाराशी चपला न काढता उभे, लगेच निघता यावं म्हणून. आमच्या गल्लीतल्या जाधव काकू पहिल्या रांगेत होत्या. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, आवाज असा की तळमजल्यावरून बोलल्या तर गच्चीवरचे कावळे उडावेत. रोज सकाळी वरच्या मजल्यावरून झाडांना पाणी घालायच्या आणि खालून जाणाऱ्याचं डोकं भिजवायच्या. भांडायला गेलं तर म्हणायच्या, "तुमी बघून चालत जावा की."

आधी माझ्या मुलींनी त्यांचं काम दाखवलं. संविधानातल्या मूलभूत हक्कांवर प्रश्नमंजूषा. प्रत्येक प्रश्न मी तपासलेला, प्रत्येक ओळ वाचून घेतलेली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठे अडलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, व्यवस्थित, सभेत वाजवतात तशा. पप्पांनीही वाजवल्या. मला बरं वाटलं. आणि मग सुजू पुढे आली. तिचा खेळ असा होता: पडद्यावर आमचीच गल्ली, खालून एक वेण्यांवाली मुलगी दप्तर घेऊन चाललीय, आणि वरच्या मजल्यावरून एक काकू बालदी उपडी करतेय. पाणी चुकवत चुकवत मुलीने गल्लीच्या टोकाला पोचायचं. काकूच्या कपाळावर जाधव काकूंसारखंच ठसठशीत कुंकू. हॉलमध्ये हशा पिकला. जाधव काकू स्वतःच उठून उभ्या राहिल्या, "आगं बया, ह्यी मीच की! नाक बघा कसं काढलंय भवानीनं!"

वेण्यांवाली मुलगी टोकाला पोचली. आता ठरल्याप्रमाणे काकूने जिना उतरून खाली यायचं होतं, तिला रागवायला. पण काकू खाली यायच्याऐवजी वर निघाली. गच्ची ओलांडून, पाण्याच्या टाकीवरून, थेट आभाळात. मग जाधव काकू ओरडल्या, "सुजे, मला खाली आण की गं! गॅसवर दूध ठिवून आलेय मी!" आणि अख्खा हॉल हसून लोटपोट झाला. मागचे बापसुद्धा चपला काढून आत आले.

मला चूक दिसली होती. काकू वर सरकायला लागल्याबरोबर दिसली होती. पडद्यावर उंची वरून खाली मोजतात, म्हणजे खाली आणायचं असेल तर बेरीज करावी लागते, आणि सुजूने तिथे वजाबाकी केली होती. एक अक्षर. एक चिन्ह. घरी तिचा कागद माझ्या हाताखालून गेला असता तर हे झालं नसतं. सगळ्या गल्लीसमोर माझी बहीण उभी होती आणि तिची काकू आभाळात चालली होती. मी उठले, भराभर पुढे गेले आणि लॅपटॉपकडे हात नेला. सुजू मध्ये आली. माझ्या हाताला तिने हातही लावला नाही. फक्त हळूच म्हणाली, "ताई, हात मागे."

तिच्या टेबलाच्या मुली खिदळल्या. तो त्यांचा नियम होता, हे मला तेव्हा कळलं. मृण्मयीच्या टेबलावर ताईने हात पाठीमागे बांधून बसायचं. चूक दिसली तरी कीबोर्डला हात लावायचा नाही, बोटसुद्धा दाखवायचं नाही. इतके महिने मी त्या टेबलाकडे टक लावून बघत होते, पण मला तिचे केस दिसले, मुलींचं हसणं दिसलं, तिचे हात कधी दिसले नाहीत. मी वळून बघितलं. मृण्मयी मागच्या भिंतीला टेकून उभी होती. हात मागे. तिलाही चूक दिसली होती, तिच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट होतं. खालचा ओठ दातांखाली धरला होता आणि पाठीमागे ती स्वतःचंच मनगट आवळत होती, हे तिच्या ताणलेल्या कोपरांवरून कळत होतं. म्हणजे हे तिलाही सोपं नव्हतं. ती ते करत होती, एवढंच. मला तिचा त्या क्षणी जितका हेवा वाटला तितका आधी कधीच वाटला नव्हता.

मी हात मागे घेतले. सुजूने काहीतरी बदललं. काकू वर जायच्याऐवजी आडवी निघाली, शेजारच्या बिल्डिंगमधून आरपार. "आता माहेराला धाडलं मला!" जाधव काकू म्हणाल्या. सुजूने कपाळावर हात मारला, हसली, पुन्हा ओळी वाचल्या. ओठ हलत होते. "इथून खाली... म्हणजे आकडा वाढायला पायजे... अरे!" तिने बटण दाबलं. काकू आभाळातून झरझर खाली उतरली आणि गल्लीत येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. त्या टाळ्या सभेतल्या नव्हत्या. पप्पा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. माझ्या प्रश्नमंजूषेला ते बसूनच होते. मी बघितलं ते.

मग खुर्च्या उचलायची वेळ आली. मी नजर समोर ठेवली. सुजूने खुर्ची उचलली आणि ती माझ्या दिशेने आली, कारण मी मध्ये उभी होते. माझ्याजवळ आल्यावर ती थांबली. तेवढ्या थांबण्यात मी सगळं पुन्हा लिहून काढलं, दोघी बहिणी, एकच फळा. मग ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि खुर्ची मृण्मयीशेजारी ठेवली. प्लॅस्टिकचे पाय फरशीवर घासले गेले, तो आवाज मला आत्ता लिहितानाही ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पत्रकांना घड्या घालत बसलो होतो. मम्मी चहा ठेवून म्हणाली, "कामून तोंड पाडून बसलीस गं? लग्न मोडलंय का कुणाचं?" ती वर गेल्यावर मी सुजूला विचारलं, "माझ्याशेजारी का नाही ठेवलीस?" मला वाटलं ती रडेल किंवा सॉरी म्हणेल. तिने हातातली घडी पूर्ण केली, अंगठ्याने सर्रकन दाबली आणि म्हणाली, "तू शेजारी बसलीस ना ताई, की मला सगळं बरोबर येतं. आणि तू उठून गेलीस, की काहीच येत नाही."

मी तिच्यावर ओरडले. "ती मोठ्या घरची आहे, तिला परवडतं," म्हटलं. "आपल्याला चुकायला जागा नाही," म्हटलं. सुजू म्हणाली, "म्हणूनच तर पायजे ना जागा. तिच्याकडे आहेच. मला नको का?" आणि पुढचं पत्रक घडी घालायला घेतलं. पत्रकांच्या घरात वाढलेली फक्त मीच नव्हते, हे मी विसरले होते.

आज सुजू एका कंपनीत प्रोग्राम लिहिते. नोकरी लागल्याची बातमी तिने आधी मृण्मयीला फोन करून सांगितली, मग आम्हाला. मृण्मयी आता दूर देशात असते, दिवाळीला मम्मीशी व्हिडिओ कॉलवर बोलते आणि ठेच्याची आठवण काढते. मला अजून हेवा वाटतो. तो गेला असं खोटं लिहून मी हे प्रकरण गोड करणार नाही. पप्पांचा कायदाही मी टाकलेला नाही. कागदाला शाई लागायच्या आधी मी अजून स्वल्पविरामासकट वाचते. पण कागद वेगळा आणि शिकणारी पोर वेगळी. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चुकायला फुरसत नव्हती, त्यांच्या मुलींना आपणच धाक घालून बिनचूक करतो, आणि मग बिनचूक मुली आयुष्यभर कुणीतरी शेजारी बसायची वाट बघत राहतात. चुकायची मुभा ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांच्याकडून ती कुणी काढून घ्यावी असं माझं म्हणणं नाही. आमच्या मुलींच्या वाट्याची त्यांना मिळाली पाहिजे, एवढंच म्हणणं आहे, आणि ती द्यायला सरकारची वाट बघायची गरज नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी एक मागणी आहे. या आठवड्यात तुमच्या घरातली, गल्लीतली, सोसायटीच्या वॉचमनची, कामाला येणाऱ्या बाईची, कुणाचीही एखादी मुलगी शोधा आणि तिच्यासमोर एक कम्प्युटर ठेवा. जुना चालेल, एक बटण गेलेला चालेल. तिच्या शेजारी बसा. ती चुकेल. चूक तुम्हाला तिच्या आधी दिसेल, आणि तुमचे हात शिवशिवतील. ते पाठीमागे घट्ट धरा, तोंड मिटा, आणि ती चूक तिची तिला सापडेपर्यंत जागचे उठू नका.